बस्त्यावला नाही म्हणता येत नाही

केलेली कामं लोक विसरतात. नाही म्हटलेली मात्र मरेपर्यंत लक्षात ठेवतात! ज्याच्या विहिरीत भर उन्हात उतरून मी पंपाचा फूटव्हॉल्व्ह बदलला, तो आज रस्त्यात ओळख देत नाही. आणि ज्याला एकदाच 'नाही जमणार' म्हटलं, तो बाजारात, चर्चच्या आवारात, अगदी मयताच्या घरीसुद्धा चारचौघांत सांगतो, "हाच तो इनास! ह्याने मला नाय म्हटलं होतं!" जुन्या नटबोल्टांचा डबा भरत जातो तसे आमच्याकडे हे नकार साठत गेले. आता उघडलाच आहे डबा, तर चार दाखवतो.

आमच्याकडे म्हणजे आम्हा चौघांकडे. मी इनास, वसईच्या बागायती वाड्यांमध्ये पंप बसवणारा आणि बिघडले की दुरुस्त करणारा. दुसरा आमच्याच गावचा पास्कू सुतार, तिसरा बोळिंजचा हरी गवंडी आणि चौथा बस्त्याव बँडमास्तर. सत्तर सालानंतरची गोष्ट. विहिरींवरचे रहाट गेले होते, मोटारी आल्या होत्या. संध्याकाळी चौघे नाक्यावर सायकलवाल्याच्या बाकड्यावर बसायचो आणि दिवसभरात कोणी कोणाला काय सांगून परत पाठवलं ते ऐकायचो.

लोकांना वाटतं, स्वतःचा धंदा म्हणजे राजा माणूस. कसला राजा! नोकरदाराला एकच साहेब असतो. आम्हाला सारा गाव साहेब. त्या साहेबाला नाही म्हणता येणं, एवढीच आमची राजाई.

त्यातही तिघेच तापट. बस्त्याव मात्र लोण्याहून मऊ. लग्न, मयत, गणपती, पुढाऱ्याचा सत्कार, जो बोलवेल त्याच्याकडे ट्रम्पेट घेऊन हजर. सकाळी मयत, संध्याकाळी लग्न, आणि अंगात लाल कोट तोच! पास्कू त्याला विचारायचा, "बस्त्याव, तुझ्या मयताला कोण वाजवणार रे?"

"जो सुपारी घेईल तो," बस्त्याव म्हणायचा आणि हसायचा.

* * *

पहिला माझाच घ्या. चर्चमधली रविवारची मिस्सा. मी गुडघ्यावर, डोळे मिटलेले. मागून खांद्यावर टिचकी.

"इनास, पंप पाणी ओढत नाय."

फरसू, केळीवाला. मी डोळे उघडले नाहीत. पुन्हा टिचकी. "मोटर फिरते रे, पण पाणी नाय!"

"अरे, मी प्रार्थना करतोय!"

"मी पण तीच करतोय ना, तू चल म्हणून!"

आता सांगा, माणसाने देवाच्या घरी तरी सुखाने गुडघे टेकावेत की नाही? मी बाहेर आल्यावर फरसूला स्पष्ट सांगितलं, रविवारी पंपाला हात लावणार नाही. केळी काही एका दिवसात मरत नाहीत. फरसू तडक फादरांकडे गेला आणि माझी तक्रार केली.

फादरांनी मला बंगल्यावर बोलावलं. मीही तयारीनेच गेलो. रविवारी काम करू नये हे तुम्हीच शिकवलंत, असं तोंडावर सांगणार होतो. फादरांनी मला बसवलं, पाणी दिलं. "इनास, तू केलंस ते बरोबर केलंस. रविवार म्हणजे रविवार."

मी फुशारलो.

"पण," फादर हळूच म्हणाले, "आमच्या बंगल्याचा पंपही कालपासून पाणी ओढत नाही रे."

मी फादरांनाही नाही म्हटलं. सोमवारी उजाडताच आधी त्यांच्याकडे गेलो, मग फरसूकडे. फरसू अजून म्हणतो, ह्याने फादरांचं आधी केलं!

* * *

नाही म्हणायचीही कला असते आणि ती अर्नाळ्याच्या कोळणींपुढे चालत नाही.

एक कोळीण दारात आली. डोक्यावर टोपली. होडीचं इंजिन बंद पडलंय, चल. मी म्हटलं, "बाई, मी विहिरीवरच्या पंपाचा माणूस. होडीच्या इंजिनाला मी हात लावत नाही. उद्या भर दर्यात बंद पडलं तर तुझा नवरा मला शिव्या द्यायला तरी परत येईल का?"

ती मान डोलावून घराला वळसा घालून मागच्या दारी गेली. मला वाटलं, शहाणी बाई, पटलं तिला.

मी आपला ओटीवर पाने-पक्कड साफ करत बसलो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तळल्याचा वास आला. आत जाऊन बघतो तर आमची बायको पापलेट तळतेय आणि कोळीण पाटावर बसून चहा पितेय!

"हे कुठून आले?" मी ओरडलो.

"मी आनले," कोळीण म्हणाली. "तुजी बायको माजे पापलेट तलते न तू माना नाय बोलतंस? आता हे परत दर्यात सोडू का?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने तव्याकडे पाहिलं. दुपारी मी अर्नाळ्याला होतो, होडीत, इंजिनाखाली पाठीवर पडलेला. ते सुरू झालं हा माझा गुण नाही, दर्याची दया. तेव्हापासून घरात ताकीद आहे. मी काम घेतल्याशिवाय मासा घ्यायचा नाही!

* * *

हरी गवंड्याचा किस्सा ऐकून मात्र आम्ही कोणी हसलो नव्हतो.

दोन सख्खे भाऊ. वाटणी झालेली. घराच्या मधोमध भिंत घालायची म्हणून हरीला बोलावलं. हरी दोरी, ओळंबा, थापी घेऊन गेला. दोरी ताणली. ओटीतून निघाली, माजघरात गेली आणि माजघरातल्या खाटेवर अडली. खाटेवर त्यांची आई. अंथरुणाला खिळलेली, पण कान शाबूत.

हरी म्हणाला, "खाट थोडी सरकवा."

थोरला म्हणाला, "त्याच्या बाजूला सरकव."

धाकटा म्हणाला, "माझ्याकडे कशाला? थोरला तो आहे!"

हरी उभाच. दोघं भाऊ दोरीच्या दोन बाजूंना उभे. म्हातारी एकदा ह्याच्याकडे बघते, एकदा त्याच्याकडे. मग थोरल्याने तोडगा काढला. "खाट राहू दे. तू खाटेच्या अलीकडेपलीकडे बांध. आई असेतोवर मधे जागा सोड. नंतर भर."

हरीने दोरी गुंडाळायला घेतली.

"काय झालं?"

"तुम्हा दोघांना मिळून आईची खाट उचलवत नाही," हरी म्हणाला, "मग मी एकटा थापी कशाला उचलू?"

भिंत दुसऱ्या कोणीतरी घातली. घालणारे मिळतातच. हरी त्या गल्लीतून जाताना आजही खाली मान घालून जातो, आणि मला त्याचाच संताप येतो. मान त्या दोघांनी खाली घालायला हवी!

* * *

पास्कूचा किस्सा त्याहून वाईट, पण शेवट गोड आहे.

गल्फहून एक मुलगा रजेवर आला. घड्याळ सोन्याचं, गॉगल काळा. पास्कूला घरी बोलावून ओटीवरच म्हणाला, "बाबांची तब्येत बरी नसते. मला पुढे रजा मिळेल न मिळेल. पेटीचं काम आत्ताच उरकून टाकू. चांगलं सागवान वापर, कंजूषी नको."

पेटी म्हणजे शवपेटी! आणि बाबा कुठे? बाबा त्याच ओटीवर, कोपऱ्यात, पान कुटत बसलेले. खलबत्त्याचा आवाज थांबला.

पास्कू आधीच काळा, तो आणखी काळा पडला. म्हणाला, "मी पेटीसाठी निजलेल्या माणसाचं माप घेतो. बसलेल्याचं घेत नाही."

मुलगा समजावू लागला. तिकडे सगळं अ‍ॅडव्हान्स करतात म्हणे, प्लॅनिंग असतं म्हणे. पास्कू पायरी उतरला. तेवढ्यात मागून म्हातारबांनी हाक मारली.

"पास्कू, वर ये. बसलेल्याचं पण माप घेतोस ना? घे. आरामखुर्ची कर. सागवान चांगलं वापर, कंजूषी नको!"

पास्कूने अशी खुर्ची केली की काय सांगू. म्हातारबा त्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचे. मुलगा पुढच्या रजेला आला, तेव्हा ते खुर्चीत. त्याच्या पुढच्या रजेलाही खुर्चीत!

* * *

आता बिल्डरकडे येतो, कारण खरी आग तिथून लागली.

मनवेलपाड्याला तेव्हा चाळी आणि बिल्डिंगी भराभर उठत होत्या. एका सफारीवाल्याने बोलावलं. बोअर मारलेली होती, पण ठणठणीत कोरडी. मी दगड टाकून पाहिला, खाली दगडावर दगड वाजला.

"इथे मोटर बसवायची," तो म्हणाला.

"पण पाणी नाही."

"माहीत आहे. रविवारी बुकिंगला पब्लिक येणार आहे. खालून जाताना घुर्रर्र असा आवाज आला पाहिजे. पब्लिक त्या दिवशी पाणी पीत नाही, आवाज ऐकते."

"कोरडी चालवली तर मोटर जळेल."

"एक रविवार टिकली की बस!"

माझ्या डोळ्यांसमोर ती माणसं आली. मुंबईत एका खोलीत सहा-सात जण राहून पै-पै जोडलेली. बायका त्या आवाजाकडे कान लावून उभ्या राहणार, स्वयंपाकघर कुठे, मोरी कुठे ते ठरवणार. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुला नुसता आवाजच हवा ना? मग बँड लाव!"

मी चिडून बोललो. त्या महाभागाला कल्पना आवडली! रविवारी कोरड्या बोअरशेजारी लाल कोट घालून बस्त्याव वाजवत होता.

संध्याकाळी बाकड्यावर आम्ही तिघांनी त्याला धारेवर धरलं. "लाज नाही वाटली?"

बस्त्याव शांतपणे म्हणाला, "इनास, पंपवाल्याला पाणी बघावं लागतं. आपल्याला फुंकायचं असतं. आपल्याला हवा पुरते."

बिल्डिंगी भरल्या. माणसं राहायला आली, नळ कोरडे. मग त्यांच्यासाठी टँकर धावू लागले. पाणी कुठून? आमच्या वाड्यांतल्या विहिरींतून.

* * *

दुमिंग माझा चुलतभाऊ. त्याची वाडी आणि माझी वाडी ह्यांच्यात फक्त कुंपण. त्याची आई कोंसूकाकी. माझी आई लवकर गेली, तेव्हा मला भरवलं ते काकीने. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

एक दिवस दुमिंग आला. "इनास, दहा हॉर्सपॉवरची मोटर बसवायची आहे."

"दहा? केळीला? केळी काय पोहणार आहेत?"

"केळीला नाय रे. टँकरला. धंदा आहे. सगळे करतात."

मी त्याला हाताला धरून विहिरीवर नेलं. म्हटलं, "दुमिंग, हे पाणी तुझं एकट्याचं नाही. ते कुंपणाखालून माझ्याकडे येतं, पुढे शेजाऱ्याकडे जातं. तू जोराने उपसलंस तर मागून समुद्र आत येईल. आपल्या बापांनी रहाटाने काढलं, विहिरीला दम खाऊ दिला. मी ही मोटर बसवणार नाही."

"तू नाय तर दुसरा बसवेल."

हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दुसऱ्याने बसवली. टँकरसाठी रस्त्याकडची भिंत फोडून वाट रुंद करायला त्याने हरीला बोलावलं, हरी नाही म्हणाला. नवं फाटक करायला पास्कूला सांगितलं, पास्कू नाही म्हणाला. वाट झाली, फाटकही झालं. आम्ही तिघे ताठ मानेने बाकड्यावर बसलो आणि समोरून टँकर पाणी सांडत जात राहिले.

काकी विहिरीच्या काठावर उभी राहून बघायची.

मग एका उन्हाळ्यात माझ्या केळीच्या पानांच्या कडा करपल्या. घरात डाळ शिजेना. चहाला दूध घातलं की फाटायचं. मी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलो. खारं! माझी विहीर, माझ्या आज्याने खणलेली, आणि तिच्यात खारं पाणी! मी नाही म्हटलं होतं ना? मग माझ्या नकाराचा उपयोग काय झाला? त्या रात्री मी जेवलो नाही. दुमिंगचा राग आला, त्याहून जास्त स्वतःच्या त्या ताठ मानेचा आला.

दुमिंगची विहीर माझ्याही आधी बिघडली होती. तो परत आला, निर्लज्जपणे. "पाईप अजून खाली सोडून दे. खाली गोडं लागेल."

"खाली पाणी नाही, दर्या आहे!" मी ओरडलो. "थेट अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मोटर लाव आणि भर टँकर!"

त्याने धंदा सोडला नाही. दुसऱ्या गावच्या विहिरींवरून टँकर भरून आणू लागला.

* * *

आणि मग दुमिंगच्या मुलीचं, आयरीनचं लग्न ठरलं.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून घरच्या विहिरीवर जातात. पुढे बँड, मागे गाणी म्हणत बायका, घरातल्या मोठ्या बाईच्या कडेवर फुलांनी सजवलेली कळशी. विहिरीला मेणबत्ती लावायची, पाणी काढायचं आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. ज्या पाण्यावर पोर वाढली, त्याच पाण्याने तिला निरोप.

बँडची सुपारी बस्त्यावने घेतली. पास्कू बाकड्यावरून उठूनच गेला. हरी म्हणाला, "अरे, निदान ह्या घरी तरी नाही म्हण!"

"पोर आयरीन हाय," बस्त्याव म्हणाला. "तिच्या बाप्तिस्म्याला पण मीच वाजवलं."

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण लग्नाला आम्ही तिघेही गेलो. काकीचं घर होतं.

आदल्या संध्याकाळी मिरवणूक निघाली. बस्त्याव पुढे, गाल फुगवून. मागे बायका, मधे लाल लुगड्यातली कोंसूकाकी, कडेवर कळशी. वाडीतून विहिरीपाशी आलो, आणि विहिरीच्या पुढ्यात उभा होता टँकर! धुऊन पुसून लख्ख केलेला. बॉनेटला झेंडूचा हार. ड्रायव्हरने नळाला नवं फडकं गुंडाळलेलं.

दुमिंग पुढे झाला. "आई, विहिरीला मेणबत्ती लाव आणि पाणी ह्याच्यातून भर. गोडं आहे. मुद्दाम लांबून आणवलंय."

बायकांचं गाणं अर्ध्यावर तुटलं. गाणं विहिरीचं होतं, टँकरला कसं म्हणायचं? सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. आणि तेवढ्यात बँडही थांबला.

बस्त्यावने ट्रम्पेट तोंडापासून काढून काखेत धरला होता.

"वाजव रे!" दुमिंग म्हणाला. "काय झालं?"

"नाय."

"नाय म्हणजे?"

"सुपारी विहिरीची हाय," बस्त्याव म्हणाला. त्याने ट्रम्पेट काखेत आणखी घट्ट दाबला. आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हणत होता ना! "टँकरला वाजवायचं तर दुसरा बघ."

मी पास्कूकडे पाहिलं. पास्कूने हरीकडे. दुमिंगचा चेहरा टँकरच्या हारासारखा पिवळा पडला.

कोंसूकाकी टँकरला वळसा घालून विहिरीच्या काठावर गेली. जुनी कप्पी अजून तिथेच होती, मोटर आल्यापासून कोणी न फिरवलेली. काकीने हाताने ढकलून पाहिली. गंजून घट्ट बसलेली.

"इनास," तिने हाक मारली. "ही फिरत नाय. हे काम करशील, का ह्याला पण नाय बोलशील?"

मी पुढे झालो. तेल मागायला तोंड उघडणार, तोच काकीने नवरीच्या अंगाला लावायच्या तेलाची वाटी बायकांच्या हातातल्या ताटातून उचलून माझ्या हातात दिली. मी ते तेल कप्पीत ओतलं, फिरवत राहिलो, आणि शेवटी ती कुरकुरत फिरली. पास्कूने घरातून दोर आणला. कळशी खाली गेली, भरून वर आली.

काकीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. तोंड वाकडं झालं, पण ती थुंकली नाही. गिळलं.

"आई, खारं आहे ते!" दुमिंग रडकुंडीला आला. "खाऱ्या पाण्याने न्हाऊ घालणार पोरीला?"

"न्हाऊ दे तिला," काकी म्हणाली. "बापाचं पानी हाय."

तिने कळशी कडेवर घेतली आणि घराकडे चालू लागली. बस्त्यावने ट्रम्पेट पुसला आणि तोंडाला लावला.